पूर ओसरल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन घसरू नये म्हणून वाड्यावर काय करावं?

वाळवंटीकाठ (प्रश्न)

वाळवंटी नदीच्या काठचा आमचा वाडा (वस्ती), गोव्यातल्या साखळीपासून जवळच. घरं पंचेचाळीस. पाणी उतरून आज सहावा दिवस. पाच वर्षांखालची मुलं २३, त्यांतली चार सहा महिन्यांच्या आतली. त्याशिवाय नदीलगतच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची पाच मुलं आहेत. ती अंगणवाडीच्या यादीत नाहीत.

अंगणवाडीत गुडघाभर पाणी होतं. वजनकाटा, रजिस्टर आणि घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, सगळं भिजलं. विहिरी दोन, दोन्हींत पुराचं पाणी शिरलं. बहुतेक घरांत चूल ओली, लाकडं ओली, दिवसातून एकदाच रांधप होतं. मदत भरपूर येते आहे: बिस्किटं, नूडल्स, दुधाच्या पावडरीचे डबे.

आमचा स्वयंसाहाय्य गट बारा जणींचा आहे. पहिल्यांदा कशाला हात घालावा? २०२१ च्या पुरानंतर घरं, भांडी, शेती यांची मोजदाद झाली, पण मुलांची वजनं कुणी मोजली नव्हती. या खेपेला ती चूक नको.

पोषण_डिचोली

तुमचा शेवटचा मुद्दाच सगळ्यांत महत्त्वाचा. पुराच्या आठवड्यात मूल सहसा उपाशी राहत नाही, शेजारीपाजारी कुणी ना कुणी दोन घास घालतंच. खरी घसरण त्यानंतर लागते. दुसऱ्या आठवड्यात जुलाब, मग भूक मंदावते, घरातलं धान्य भिजलेलं, रोजंदारी बंद, आई दिवसभर चिखल उपसण्यात गुंतलेली आणि मुलाच्या ताटलीत पातळ पेज. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात वजन उतरतं, तेव्हा पूर बातम्यांतून गेलेला असतो. ओडिशाच्या जगतसिंहपूर जिल्ह्यात २००८ च्या महापुरानंतर साधारण वर्षाने मुलं मोजली, तेव्हा पूर आलेल्या गावांत वाढ खुंटलेली आणि कमी वजनाची मुलं पूर न आलेल्या गावांपेक्षा जास्त निघाली. ज्यांच्या वाट्याला वयाच्या पहिल्या वर्षातच पूर आला होता, त्यांची उंची सर्वांत जास्त मागे पडली होती. म्हणून वाड्यावरची दोन वर्षांखालची मुलं आधी हातात घ्या.

गोव्यात कुपोषण कुठलं, असं कुणी म्हणालं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे दाखवा. पाच वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होतं, २०१९-२० मध्ये ते २५.८ टक्के झालं.

आजच मुलांच्या दंडाचा घेर मोजा. काटा वाळून तपासला जाईपर्यंत थांबू नका. त्यासाठीची रंगीत दंडपट्टी उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेकडे किंवा मुख्य सेविकेकडे (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेकडे) मिळते. सहा महिने पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा डावा हात घ्यायचा. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य पेनाने टिपायचा, मग हात सरळ खाली सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. चूक नेमकी इथेच होते. रडणाऱ्या मुलाचा हात आवळून धरला की पट्टी घट्ट बसते आणि चांगलं मूल विनाकारण लाल (अतितीव्र) पट्ट्यात जातं. सैल धरली तर उलट होतं, आणि ते जास्त वाईट. म्हणून दोघींनी दोनदा मोजायचं. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आला तर तिसऱ्यांदा.

११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम. शिवाय दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला आणि तो दोन्ही पायांवर असला, तर दंड कितीही भरो, ते मूल अतितीव्रच. सूज असलेलं मूल गुबगुबीत दिसतं, म्हणून ते सुटून जातं.

सहा महिन्यांच्या आतल्या चौघांना पट्टी लावू नका. त्यांचं वजन आणि स्तनपान पाहायचं.

काटा सुकल्यावर थेट वापरू नका. सपाट लादीवर ठेवा, शून्य बघा, मग एक लिटरच्या पाच सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवा. पाच किलो आणि बाटल्यांचे थोडे ग्रॅम वर, इतकं दाखवलं पाहिजे. आकडा त्याहून शंभर ग्रॅमने जरी सरकला तरी तो काटा बदलून मागा. सात किलोच्या मुलात शंभर ग्रॅम ही पंधरा दिवसांची वाढ असू शकते. जुनी वजनं रजिस्टराबरोबर गेली असली तरी पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर) भरलेली असणार. तिथून उतरवून घ्या, म्हणजे पुरापूर्वीचं वजन आणि आजचं वजन शेजारी शेजारी दिसेल.

मजुरांची पाच मुलं सोडू नका. कुटुंब दुसरीकडून आलं असेल तर तिथली नोंद पोषण ट्रॅकरवर इकडे वळवता येते. कागद होतील तेव्हा होतील, दंड आज मोजा.

चिरेबंद

विहिरींबद्दल. घरोघर पावडर वाटण्यापेक्षा दोन विहिरी नीट करणं सोपं, पण पुरानंतर नेहमीची मात्रा चालत नाही आणि तिथेच लोक फसतात.

आधी काठावरचा गाळ, पाला, मेलेलं काही असेल ते काढा. मग उपसा. पावसाळ्यात आपल्याकडे भूजल वर आलेलं असतं, विहीर तळापर्यंत कोरडी होत नाही आणि तसा हट्टही धरू नका. पंपाने एकदम पाणी खेचलं की बाहेरच्या ओल्या मातीचा दाब बांधकामावर येतो आणि जुने चिरे आत सुटतात. थांबून थांबून उपसा, गढूळपणा कमी होईपर्यंत. डिझेल पंप विहिरीच्या आत उतरवून चालवायचा नाही, त्याच्या धुराने आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो.

आता हिशेब. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. रोजच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पुरानंतरची पहिली मात्रा मात्र लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल अशी हवी. ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर सुमारे पावणेदोन किलो. पावसाळी हवेत पोतं उघडं राहिलं की पावडर दमट होऊन मरते, म्हणून सीलबंद पिशवीच मागा आणि उरलेली प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

पावडर सरळ विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पीठ करा, मग बादली पाऊणभर भरा, ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वरखाली हलवा. चुन्याचा गाळ आत जाऊ देऊ नका. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे सतरा-अठरा बादल्या होतात. इथे कंटाळा केला की मात्रा अर्धीच जाते. नाकातोंडाला फडका बांधा आणि वारा पाठीवर येईल अशा उभ्या राहा.

रात्रभर ठेवा. ते पाणी प्यायचं नाही, त्या पाण्याने भांडीही नकोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपसा आणि क्लोरीनचा वास व रंग उतरत जाईल तसं तपासा. तपासणीची साधी पेटी आरोग्य केंद्राकडे असते. नेहमीच्या मात्रेनंतर तासाभराने लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं तर विहीर चालू. शून्य आलं तर पाण्यात अजून घाण आहे आणि ती क्लोरीन खाते आहे. पुन्हा मात्रा द्या. त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी ७० ग्रॅम. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून जवळ असेल तर ओल असेपर्यंत झिरपा चालू राहतो, एकदाच पावडर घालून भागत नाही.

तोवर सरकारी पाण्याचा टँकर मागा. लहान मुलांचं पाणी उकळलेलंच हवं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. लाकडं ओली असताना दहा मिनिटं उकळा असं सांगितलं की कुणीच उकळत नाही.

पर्वरीहून

मदत पाठवणाऱ्यांपैकी एक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी पावडरीचे डबे आणि बाटल्या पाठवल्या तर चालेल ना? आयांना धसका बसून दूध आटलं असेल असं वाटतं.

पोषण_डिचोली

कृपा करून पाठवू नका. तळमळ कळते, पण पुराच्या गावात पावडरीचा डबा हा बाळाला जुलाबाकडे नेणारा सर्वांत जवळचा रस्ता आहे. पाणी दूषित, बाटलीचं बूच उकळायला सरपण नाही, आणि डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ केली जाते. तिकडे बाळ अंगावर कमी पितं, म्हणून दूध खरोखर कमी होतं. अर्भकांसाठीच्या दुधाचे पर्याय आणि बाटल्या असं वाटणं १९९२ च्या कायद्याने बंदही केलेलं आहे.

धसक्याने दूध तयार होणं थांबत नाही. पान्हा सुटायला उशीर होतो, एवढंच. आईला कोरडी जागा, कोरडे कपडे, पोटभर जेवण आणि थोडा आडोसा द्या. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घेऊ द्या. दूध पुरतं की नाही ते लघवीवरून कळतं. चोवीस तासांत सहा वेळा तरी झाली तर पुरतं आहे. एखाद्या बाळाला खरोखरच आईचं दूध मिळण्यासारखं नसेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, आणि दूध वाटी-चमच्याने.

पैसे आहेत तर मूगडाळ, खोबरेल, अंडी, गूळ, सुकी लाकडं किंवा गॅसची टाकी, आणि झाकणाचे वीस लिटरचे पाण्याचे डबे पाठवा. बिस्किटं मोठ्यांना द्या. मूल दोन बिस्किटं खाऊन जेवायला नको म्हणतं.

आता घास. दोन वर्षांखालच्या मुलाचं पोट लहान, एका वेळेला पाऊण ते एक वाटी मावते. ५० ग्रॅम तांदूळ एक लिटर पाण्यात शिजवलेली पेज असेल तर दीडशे मिलिलिटरच्या वाटीतून जेमतेम तीस कॅलरी मिळतात. चार वाट्या पाजल्या तरी मूल उपाशीच, आणि आईला वाटतं पोटभर प्यालं. तेच ३० ग्रॅम उकडे तांदूळ आणि १५ ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून घोटली, वर एक छोटा चमचा खोबरेल घातलं, तर साधारण २०० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं होतात. परीक्षा सोपी आहे: चमचा तिरका केला तर घास त्यावर थांबला पाहिजे. ओघळला तर पातळ.

एकदाच रांधण्याचा प्रश्न गंभीर आहे. सकाळचा भात संध्याकाळपर्यंत दमट हवेत राहिला की त्यातले जंतू वाढतात, नुसता गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. दोन तासांवरचं अन्न लहानग्यांना नको. म्हणून गटाने महिनाभर एका कोरड्या जागी मुलांची सामायिक चूल चालवावी. देऊळ असो, शाळेची ओसरी असो. २८ मुलांपैकी २४ जेवणारी. त्यांना एका वेळेला सुमारे सव्वासातशे ग्रॅम तांदूळ, साडेतीनशे ग्रॅम मूगडाळ आणि चोवीस छोटे चमचे खोबरेल. मोठ्या मुलांना यात दीडपट धरा. अंडं असेल त्या दिवशी प्रत्येकाला एक, लहानग्यांना कुस्करून.

मधल्या वेळेला कोरडं पीठ. अर्धा किलो नाचणे आणि पाव किलो मूग वेगवेगळे खमंग भाजून दळायचे, त्यात दीडशे ग्रॅम साखर. गुळाने पावसात गोळे होतात, म्हणून साखर. ३५ ग्रॅम पीठ उकळत्या पाण्यात घोटून चमचाभर खोबरेल घातलं की १६० कॅलरींच्या आसपास. पुरात भिजून वाळवलेले शेंगदाणे यात नकोतच; त्यांना धरणाऱ्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. बुरसलेल्या तांदळाचंही तेच, धुऊन वाळवून मुलांना घालू नका. वाळवलेलं गालमो (सुका जवळा) घरात असेल तर निवडून, भाजून, भरड करून चिमूटभर घासात घाला. मीठ लावलेली सुकी मासळी लहानग्यांना नको.

जुलाब लागलेच तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट पेल्यात टाकायची सवय मोडा, मीठ जास्त झालं तर मूल आणखी सुकतं. प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, त्यावर १०० ते २००. बरोबर जस्ताची (झिंकची) गोळी १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांना १० मिलिग्रॅम, पुढे २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळी बंद होते, आणि हीच चूक घरोघर होते. जेवण थांबवायचं नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक घास-वेळ जास्त.

तलाठीकचेरी

दोन कामाच्या गोष्टी. भिजलेली आहाराची पाकिटं पंचनाम्याआधी फेकू नका. किती आलेली, किती भिजली, याची मोजणी, फोटो, पंच आणि मुख्य सेविकेची सही. तो कागद नसेल तर बदली साठा मागताना जुना वाटल्याचंच धरलं जातं. आत पाणी गेलेलं पाकीट बादच. फक्त बाहेरून ओलं असेल तर पुसून, वाळवून उघडून बघा. गोळे, कुबट वास किंवा कडवट चव असेल तर तेही बाद.

दुसरी शेताची. लावणी कुजली असेल तर नांगर घालण्याआधी विभागीय कृषी कार्यालयाला कळवा, शेतकरी आधार निधीचा (पीकनुकसानीच्या सरकारी मदतीचा) अर्ज पाहणीवर अवलंबून असतो. वाळवंटीचं पाणी गोडं आहे, तुमच्याकडे पुन्हा रोप टाकता येतं. खाडीकाठच्या खाजनात (बांध घालून राखलेल्या शेतात) बांध फुटून खारं पाणी आलं तर पुढचा हंगामही जातो, आणि त्या घरातल्या मुलांवर वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

वाळवंटीकाठ

दंड मोजले. सहा महिन्यांवरच्या २४ मुलांत १६ ठीक, सहा मध्यम, दोन ११.५ च्या खाली. त्यांतली एक मजुराची चौदा महिन्यांची मुलगी, ११.१, काल रात्रीपासून जुलाब, खायला मागत नाही, डोळे अर्धे मिटलेले. पायाला सूज नाही. दुसरा मुलगा ११.३, खेळतो आहे, आहारही घेतो. मुलीला ओआरएस सुरू करून उद्या बघू का?

पोषण_डिचोली

उद्या नाही, आता. १०८ ला फोन करा. भूक नाही, सुस्त आहे आणि दंड ११.५ च्या खाली, एवढं पुरेसं आहे. आरोग्य केंद्राने पुढे पाठवलं तर गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळी. मजूर कुटुंब असल्याने खर्चाच्या आणि कागदांच्या भीतीने नको म्हणतील, म्हणून गटातली एक जण सोबत जाऊ दे.

गाडी येईपर्यंत: ५० मिलिलिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा साखर, चमच्या-चमच्याने, ती गिळत असेल तरच. अशा मुलांच्या रक्तातली साखर एकदम उतरते. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. इतक्या अशक्त मुलीला नेहमीचं ओआरएस भराभर पाजायचं नाही, हृदयावर ताण येतो. तिच्यासाठी द्रावणाचं प्रमाण वेगळं असतं आणि ते इस्पितळात ठरवतील. ओले कपडे काढा, टोपी घाला, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून वर चादर. लोहाचं औषध घरात असेल तर देऊ नका. सोबत दंडाचं माप, जुलाब किती वेळा आणि कधीपासून, शेवटची लघवी केव्हा, हे कागदावर लिहून द्या.

मुलाला आज आरोग्य केंद्रात नेऊन भुकेची चाचणी (समोर खायला देऊन तो किती खातो ते बघणं) करून घ्या. ताप, सूज काही नसेल तर तो घरी राहून सुधारू शकतो, पण दर आठवड्याला वजन आणि दंड. मध्यमवाल्या सहा जणांना सामायिक चुलीवर एक वाढीव वेळ आणि दर पंधरा दिवसांनी माप, तीन महिने. जी मुलं आज ठीक आहेत त्यांनाही पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा, जुलाबाची साथ आली तर ती तेव्हाच दिसेल.

वाळवंटीकाठ

गाडी आली. आई आणि गटातली एक जण सोबत गेल्या. मुलाला घेऊन दुसरी दोघं आरोग्य केंद्रात निघाली आहेत. विहिरीची पावडर संध्याकाळी येते, व्यास २.८, पाणी साडेतीन मीटर. सुमारे २१,५०० लिटर म्हणजे पहिली मात्रा १.३ किलो, बरोबर?

चिरेबंद

बरोबर. तेरा बादल्या. दुसऱ्या विहिरीचं माप वेगळं घ्या, हीच मात्रा तिच्यात ओतू नका.